गार्डसाहेबांचा ट्रॅक्टर

बायकोला फिरायला जागा हवी म्हणून ट्रॅक्टर विकत घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुसरा कुणी असता तर तिला झाशीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी घेऊन गेला असता, एखाद्या रविवारी ओरछ्याला नेऊन आणलं असतं आणि सुटला असता. खांबेटेकाकांनी चिरगावच्या अलीकडे पाच बिघे पडीक जमीन घेतली, तिच्यावर माजलेलं गवत कापायला छोटा ट्रॅक्टर घेतला, ट्रॅक्टरच्या मागे जोडायला रोटरी कटर घेतला, आणि हे सगळं आपण अगदी सरळ, व्यवहारी काम करतो आहोत अशा चेहऱ्याने केलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरा भाव मी फारसा पाहिलाही नाही.

मोबाईल नुकते श्रीमंतांच्या खिशात दिसू लागले होते तेव्हाची ही गोष्ट. मी झाशीत पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो आणि माणिक चौकामागच्या एका बोळात काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. काका रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांनी निम्मा हिंदुस्थान पाहिला, पण तो सगळा मागे पडत जाणारा. त्यांचे वडील भुसावळहून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले होते. विमलकाकूंचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी कुणाकडे तरी पूजा सांगायला आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे एकाच घरात दोन तऱ्हेची मराठी नांदत होती. काकू स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणायच्या आणि काका त्याच खोलीला पॅन्ट्री म्हणायचे. दोघी मुली लग्न होऊन ग्वाल्हेर-भोपाळला गेलेल्या, आणि नातवंडं फोनवर "आजी, कैसी हो?" विचारायची.

मागे बघणं हा काकांचा स्वभावच होऊन बसला होता. रस्त्याने ते नेहमी सगळ्यांच्या मागे चार पावलं चालत आणि दर वीसेक पावलांनी मान वळवून आपल्याही मागे कुणी राहिलं नाही ना हे बघत. लग्नाच्या वरातीत शेवटचा माणूस कोण, हे शोधायची कधी गरज पडली नाही. देवळातून निघताना ते दारात उभे राहून "सगळे डबे आले?" असं विचारत आणि होकार आल्याशिवाय पायरी उतरत नसत. त्यांच्या घरातल्या एकूण एक फोटोत काकांचा कान आला आहे, चेहरा नाही. "इंजिनवाला पुढचा रस्ता बघतो," ते मला म्हणाले होते, "मग गाडी कोण बघतं? शेवटचा डबा पोचला की गाडी पोचली म्हणायचं, देवधर. तोवर नुसती हूल."

काकूंना साखर होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज दोन मैल चाला, नाहीतर पायांचं काय होईल ते मला विचारू नका. म्हणून दोघं सकाळी निघायची, काकू पुढे आणि काका चार पावलं मागे. एका सकाळी माणिक चौकात समोरून गुळाच्या भेल्यांनी भरलेला हातठेला उतारावरून सुटला. ठेलेवाला ओरडत होता, दुकानदार ओरडत होते, आणि काका त्या क्षणी मागे बघत होते. काकू बाजूला व्हायला गेल्या आणि गटाराच्या कडेवर पडल्या. हाड मोडलं नाही, नुसता मुका मार होता आणि तो पंधरा दिवसांत बराही झाला. पण त्यानंतर काकूंनी उंबरठा ओलांडला नाही. आठ महिने मुदपाकखान्यातून ओसरी आणि ओसरीतून मुदपाकखाना एवढंच त्यांचं चालणं राहिलं. पायांना मुंग्या येऊ लागल्या, टाचेवरची एक जखम महिनाभर भरेना. "आज नको हो," त्या म्हणायच्या. रोज आजच असायचं.

काका यावर एकदाच बोलले, तेही जिन्यात. "मी मागे बघत होतो, देवधर. पुढे बघायला हवं होतं. पण पुढे बघायचं मला कुणी शिकवलंच नाही." पुढच्या महिन्यात त्यांनी जमीन घेतली. जिथे ठेला नाही, स्कूटर नाही, गटार नाही, उतारसुद्धा नाही अशी जागा त्यांना हवी होती. ती त्यांना मिळाली. फक्त तिच्यात पुरुषभर उंचीचा कांस, म्हणजे चिवट रानगवत, माजला होता आणि मधेमधे बेशरमाची झुडपं होती.

ट्रॅक्टर आणि कटर आले त्या दिवशी विक्रेत्याकडचा पप्पू मिस्त्री सोबत आला होता. रोटरी कटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा एक जाड पोलादी पाट, त्याच्या पोटाखाली गरगर फिरणारी दोन पाती. ट्रॅक्टरच्या पाठीतून निघणारा फिरता दांडा, ज्याला पीटीओ म्हणतात, त्या पात्यांना फिरवतो. पप्पूने खालचे दोन हात अडकवले, वरचा तिसरा अडकवला, दांडा खटकन बसवला आणि हात पुसले.

"लो साब, दस मिनिट का काम था."

"अब खोलो," काका म्हणाले.

"खोलूँ? काय को?"

"किताब में देख के लगाएँगे."

कटरसोबत एक चौदापानी माहितीपुस्तिका आली होती. ती आजवर कुणी उघडली असेल असं पप्पूला वाटत नव्हतं आणि त्याने ते तोंडावर सांगितलं. काकांनी चष्मा लावला. रेल्वेत त्यांनी नियमांचं एक जाडजूड पुस्तक चौतीस वर्षं देव्हाऱ्यातल्या पोथीप्रमाणे सांभाळलं होतं. छापलेला नियम दिसला की त्यांचा हात आपोआप टोपीकडे जायचा. एकेक वाक्य मोठ्याने वाचायचं, त्याचा हिंदीत अर्थ सांगायचा, पप्पूने तसं करायचं आणि "किया" असं म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. कटर डावी-उजवीकडे समपातळीत हवा, म्हणून दोरा ताणला. पुढची कड मागच्या कडेपेक्षा इंचभर खाली हवी, म्हणजे पातं गवत एकदाच कापतं, तेच तेच चेचत बसत नाही. तिथे मला पट्टी घेऊन जमिनीवर पालथं झोपवलं. दांड्याची लांबी मोजायला कटर वर, खाली, पुन्हा वर केला, आणि दांडा अडीच इंच जास्त लांब निघाला.

"साब, सब ऐसे ही चलाते हैं."

"सब गार्ड नहीं होते," काका म्हणाले आणि हॅकसॉ मागवला.

दहा मिनिटांचं काम संध्याकाळी पाचला संपलं. पप्पू जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "भैया, एक बात है. उठाते ही वो डंडा भिड़ता, गियरबॉक्स फट जाता. बुड्ढा सही था." हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण काकांना हसणारे पुष्कळ होते आणि मीही त्यातलाच होतो. पण काका चुकीचं काही करत नसत. ते बरोबर गोष्टीच इतक्या करत की माणूस बेजार व्हावा.

उदाहरणार्थ, गाडी सुटण्याआधी ब्रेक ठीक आहेत असा एक दाखला असतो, त्याच्यावर ड्रायव्हर आणि गार्ड दोघं सही करतात. काका रोज सकाळी कागदावर तो दाखला लिहीत आणि ड्रायव्हर म्हणून सही करत. मग ट्रॅक्टरला वळसा घालून मागे येत, दाखला पुन्हा वाचत आणि गार्ड म्हणून वेगळी सही करत. एकदा गार्डाने ड्रायव्हरला कागद परत केला, कारण तारीख घालायची राहिली होती. कटरच्या पाठीवर त्यांनी शेवटच्या डब्यावर लावतात तशी पिवळी 'एल. व्ही.' पाटी टांगली. शेजारच्या शेतातले म्हातारे हरदास कुशवाह बांधावर बसून हे सगळं रोज बघायचे, त्यांना याहून चांगली करमणूक पंचक्रोशीत नव्हती.

"काय दद्दा, जा का टाँग दई?"

"लास्ट व्हेइकल. म्हणजे, मतलब, इसके पीछे और कुछ नहीं है."

हरदासनी ट्रॅक्टरच्या मागचं मोकळं माळरान डोळे बारीक करून पाहिलं. "सो तो हमें दिखात है दद्दा. ईके पाछें अब और का आउने?"

खरा पेच पुढे आला. रेल्वेचं पुस्तक सांगत होतं की मागून गार्डाने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाही. कटरची पुस्तिका सांगत होती की पाती फिरत असताना पन्नास पावलांच्या आत माणूस नको, दगड उडून लागतो. दोन्ही छापील. काकांनी दोन रात्री झोप घेतली नाही असं काकू म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी साठ पावलं मोजून हरदासची खाट माळावर टाकली आणि त्या खाटेवर, हातात एक हिरवा आणि एक लाल झेंडा देऊन, मला बसवलं. मी रविवारचा मोकळा असतो ही माझी चूक.

पहिल्या कापणीचा तो दिवस थंडीतला होता. काका आधी सगळ्या रस्त्यावरून तीनदा पायी फिरले, दगड वेचले, तारेचा एक तुकडा आणि कुणाची तरी फुटकी बादली बाहेर काढली. मग ट्रॅक्टरवर चढले. मी हिरवा झेंडा दाखवला, त्यांनी शिट्टी वाजवली, ट्रॅक्टर निघाला. आणि काका मागे वळून बसले. एक हात चाकावर, मान पूर्ण मागे. कांस खाली झोपत होता, मागे स्वच्छ पट्टा निघत होता आणि ते बघताना त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की मला त्यांना हाक मारवेना. शिवाय ऊन छान होतं. मी खाटेवर जरा टेकलो.

जाग आली ती हरदासच्या हसण्याने. ट्रॅक्टर आपली हद्द संपवून, बांध ओलांडून, हरदासच्या उभ्या चरीत, म्हणजे वैरणीच्या पिकात, शिरला होता. म्हशींसाठी पेरलेली ती ज्वारी चाळीस पावलं लांब, नाकासमोर सरळ कापली गेली होती, आणि काका अजून मागे बघत, खूश होऊन चालवत होते. मी धडपडत लाल झेंडा काढला. काकांनी तो तत्काळ पाहिला, कारण ते माझ्याकडेच बघत होते, आणि नियमाप्रमाणे ट्रॅक्टर थांबवला.

"कटाई तो हमें करनेई हती दद्दा," हरदास डोळे पुसत म्हणाले. "भैंसें खुस, हम खुस. पर पूछ लेते तो हमऊँ हँसिया लै के आ जाते."

काकांनी त्यांची हात जोडून माफी मागितली. मला मात्र सोमवारी जिन्यात लेखी नोटीस मिळाली. कामावर असताना गार्ड झोपला, याचं कारण चोवीस तासांत कळवावं. मी कळवलं की थंडी होती. शेरा आला, 'समाधानकारक नाही'. मग मीही चिडून लिहिलं की ड्रायव्हरने पुढे का पाहिलं नाही, याचा खुलासा कोण करणार? त्या रात्री काका जेवले नाहीत असं काकूंनी सांगितलं, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

महिन्याभरात पाच बिघ्यांभोवती सहा फूट रुंदीचा एक पट्टा तयार झाला. काकांनी तो चाकाने मोजला. चार फेऱ्या म्हणजे दोन मैल. आता फक्त काकूंनी यायचं होतं. काकू तयार नव्हत्या. काकांनी टेम्पो दारात, अगदी उंबरठ्याला लावून उभा केला, आत गादी घातली, आणि काकू आठ महिन्यांनी डोळे मिटून त्याच्यात बसल्या. रस्ताभर त्यांनी माझं मनगट धरलं होतं. चिरगावच्या अलीकडे टेम्पो शेतात वळला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

इथेच काकांनी त्यांना हात धरून पट्ट्यावर चालवायला हवं होतं. पण पट्ट्याच्याच एका कोपऱ्यात चार हात कांस उरला होता, आणि तो काकूंच्या देखत कापायचा असं काकांनी योजलं होतं. त्याहून पुढचं म्हणजे त्यांनी माझ्या हातातले झेंडे काढून घेतले आणि काकूंना दिले. हा मान होता. काकांकडे याच्याहून मोठा मान द्यायला काही नव्हताच. काकूंना साठ पावलांवर उभं करून ते ट्रॅक्टरवर चढले, इंजिन सुरू केलं आणि मागे वळून त्यांच्याकडे बघत बसले.

काकूंना काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी लाल झेंडा डोक्यावर घेतला, ऊन लागत होतं म्हणून. हिरव्याने घाम पुसला.

"अहो, चला की!" त्या ओरडल्या.

"तोंडी परवानगी चालत नाही!" काका इंजिनच्या आवाजावरून ओरडले.

"काय?"

"झेंडा, विमल! हिरवा! सरळ धरून!"

"मी काय इथे शोभेला आणलेय? कापा ना ते गवत!"

"लालसुद्धा काढ! लाल दिसतोय!"

पाच मिनिटं गेली, दहा गेली. डोक्यावर लाल झेंडा असताना गाडी हलवणं काकांच्या हातून होणं शक्य नव्हतं, आणि उन्हात डोक्यावरचं काढणं काकूंना मंजूर नव्हतं. मी मधे पडायला गेलो तर दोघंही माझ्यावर खेकसली. हरदासनी तंबाखू मळायची थांबवली. शेवटी काकूंनी दोन्ही झेंडे जमिनीवर टाकले.

"चौतीस वर्षं तुमच्या गाडीची वाट पाहिली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका साफ होता की इंजिन चालू असूनही प्रत्येक शब्द ऐकू आला. "रात्री-अपरात्री ताट झाकून बसले. दोन्ही पोरी झाल्या तेव्हा तुम्ही कुठल्या तरी सायडिंगला उभे. आता झेंडाही मीच दाखवू?"

आणि त्या वळल्या, शेताबाहेर पडल्या आणि सडकेने चिरगावच्या दिशेने चालू लागल्या.

काकांनी ट्रॅक्टर सोडून धावत जायला हवं होतं. पण पुस्तिकेच्या नवव्या पानावर उतरण्याआधीच्या पाच गोष्टी होत्या. पीटीओ बंद. कटर जमिनीवर. इंजिन बंद. किल्ली खिशात. पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबणे. त्यांनी पाचही केल्या. तोवर काकू फर्लांगभर पुढे गेल्या होत्या. मग ते पुन्हा चढले, पाती बंदच ठेवली, कटर वर उचलला आणि ट्रॅक्टर सडकेला घातला. मी मागून पळत होतो.

ट्रक भोंगे वाजवत जात होते, मोकाट गुरं सडकेवर बसली होती, सायकली, टेम्पो, बस, सगळं अंगावरून जात होतं. काकू सडकेच्या कडेने, पदर खोचून, हात हलवत चालल्या होत्या. दहा पावलं मागे चालीच्या वेगाने ट्रॅक्टर. एका दूधवाल्याने सायकल थांबवून विचारलं, "अम्माजी, ट्रॅक्टर पे काय नईं बैठ जातीं?"

"हम पैदल आए हैं, पैदल जाएँगे," काकू म्हणाल्या. हे धडधडीत खोटं होतं, पण दूधवाल्याने हात जोडले आणि पॅडल मारलं.

मी पळत ट्रॅक्टरच्या बरोबरीला आलो आणि काकांकडे पाहिलं. त्यांची मान सरळ होती. दोन्ही हात चाकावर, डोळे समोर काकूंच्या पाठीवर. त्या सगळ्या वाटेत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मागे बसचा भोंगा वाजत होता, मी हाका मारत होतो, तरी नाही. मला प्रथमच त्यांचा पूर्ण चेहरा दिसला.

चिरगावच्या बसस्टँडवर काकू बाकावर बसल्या आणि लागोपाठ दोन पेले पाणी प्यायल्या. काका उतरले, पाचही गोष्टी करून उतरले, आणि समोर येऊन घड्याळ पाहू लागले.

"आता काय बघताय?"

"पन्नास मिनिटं. मधे एकही थांबा नाही," काका म्हणाले. "दोन मैल झाले, विमल."

काकूंनी आल्या वाटेकडे पाहिलं. ट्रक, गुरं, धूळ. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि शेजारच्या बाईने "का हो गओ बाई?" असं विचारलं तर त्यांनी नुसतं सडकेकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून काकू रोज चालू लागल्या. कुठे? माणिक चौकातून, गर्दीतून, ठेल्यांना "बाजू हटो" म्हणत. टाचेची जखम भरली. मात्र त्या रानात मी पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि काकूंचा शब्द म्हणजे शब्द. आम्हाला वाटलं, काका आता ट्रॅक्टर विकतील. त्यांनी विकला नाही. आठवड्यातून दोनदा बसने चिरगावच्या बाजूला जात, दाखला लिहीत, दोन सह्या करत आणि गवत कापत. पट्ट्याने सुरुवात झाली होती, पुढे पाचही बिघे कापायला लागले. बुंदेलखंडातला कांस हट्टी, आठवड्यात पुन्हा वीतभर वर यायचा. पुन्हा कापायचा. तिथे चालायला कुणी येत नव्हतं.

"मग कशाला कापता?" मी एकदा विचारलं.

"आज तिला नको आहे," काका म्हणाले. "उद्या हवं झालं तर?"

असं पावणेदोन वर्षं चाललं. मग माझी लखनौला बदली झाली. निघायच्या आधी काकांचा निरोप घ्यायला मी शेतावर जायला निघालो, तर काकू डबा घेऊन दारात उभ्या. "तू चाललास, तुला जेवून तरी पाठवते. चल, मीही येते." मी सरळ बसस्टँडचा रस्ता धरला. का म्हणून विचारलं असतं तर त्या परत आत गेल्या असत्या.

आम्ही पोचलो तेव्हा काका दूरच्या टोकाला कापत होते. आम्हाला पाहिलं आणि ट्रॅक्टर थांबवला. उतरायला त्यांना नेहमीइतकाच वेळ लागला. काकू कडेला उभ्या राहून बघत होत्या. पाच बिघे जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, कुठे काडी उभी नाही. मग डबा माझ्या हातात दिला आणि वाकून पायातल्या चपला काढल्या.

"काकू, अहो, राहू द्या," मी म्हणालो.

"एवढं स्वच्छ करून ठेवलंय माणसाने. चपला घालून कशी जाऊ?"

त्या अनवाणी चालू लागल्या. काका ट्रॅक्टरजवळ उभे होते, हात विजारीच्या शिवणीला लावून, साहेबाची तपासणी असावी तसे. काकू हळूहळू, पाऊल टाकावं की नको असं करत, शेताची एक बाजू चालून त्यांच्यापाशी पोचल्या. कापलेल्या कांसाचे खुंट म्हणजे सुया असतात. त्यांनी काकांच्या खांद्याचा आधार घेतला, एक पाऊल वर उचलून तळवा झाडला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"टोचतंय हो फार," त्या म्हणाल्या. "उद्या चपला घालून येईन."